आगिओस गेर्मानोस : प्रेस्पाच्या काठावरचं गाव आणि त्याची माणसं

पहिला दिवस : थेस्सलोनिकी ते आगिओस गेर्मानोस

ग्रीसच्या वायव्य टोकाला ग्रीस, अल्बेनिया आणि उत्तर मॅसेडोनिया या तिन्ही देशांच्या हद्दी एका तळ्याच्या पाण्यात एकमेकींना भेटतात. ते तळं म्हणजे मोठं प्रेस्पा. त्याला लागूनच दक्षिणेला छोटं प्रेस्पा आहे. या दोन तळ्यांच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आगिओस गेर्मानोस हे गाव आहे. मुक्काम इथेच करायचा. आसपासच्या गावांत राहायची सोय फारशी नाही, आणि इथून सगळं हाताशी आहे.

थेस्सलोनिकीहून फ्लोरिना सुमारे 160 किलोमीटर, गाडीने दोन-सव्वादोन तास. पुढचे 45-एक किलोमीटर घाटाचे. पिसोधेरीच्या वर विग्लाची खिंड आहे, उंची जवळजवळ दीड हजार मीटर. नोव्हेंबर ते मार्च या काळात चाकांच्या साखळ्या गाडीत हव्यातच. इतर महिन्यांत अडचण धुक्याची. संध्याकाळी खिंड उतरू नये हे बरं, कारण रस्त्यावर गुरं असतात आणि या डोंगरात तपकिरी अस्वलंही आहेत. पेट्रोल आणि रोख पैसे फ्लोरिनालाच घ्यावेत. बस आहे, पण ती रोज धावते असं धरून बेत आखू नका. बसस्थानकात आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

थेस्सलोनिकीतून निघण्याआधी अर्धा तास असेल तर शहरातली मोनास्तीर रोड इंडियन सिमेटरी पाहून घ्यावी. पहिल्या महायुद्धात याच प्रदेशातून मॅसेडोनियाची आघाडी जात होती, आणि त्या आघाडीवर आलेल्या भारतीय सैनिकांची ही दफनभूमी. ज्या मोनास्तीरचं नाव या रस्त्याला आहे ते आजचं बितोला, प्रेस्पाच्या डोंगरापलीकडचं शहर.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नकाशात प्रेस्पाच्या काठाने उत्तर मॅसेडोनियात जाणारा रस्ता दिसतो, पण तिथली मार्कोवा नोगाची चौकी कित्येक दशकं बंद राहिलेली आहे. चालू चौक्या म्हणजे फ्लोरिनाच्या उत्तरेची निकी आणि अल्बेनियाच्या बाजूची क्रिस्टालोपिगी. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर सहज म्हणून हद्द ओलांडली की परत आत येता येत नाही.

दुसरा दिवस : गाव पायी

गाव लहान आहे. दगडी घरं, वरच्या मजल्याला मातीच्या विटा, भिंतीत आडव्या लाकडी पट्ट्या. या पट्ट्या शोभेच्या नाहीत, भूकंपात भिंत एकसंध राहावी म्हणून आहेत. काही घरं नीट दुरुस्त केलेली, काहींचं छप्पर बसलेलं. दोन्ही प्रकार एकाच गल्लीत, शेजारी शेजारी. का, ते दुपारपर्यंत कळतं.

सुरुवात चर्चपासून. संत गेर्मानोसचं जुनं चर्च अकराव्या शतकातलं, घुमटाचं, विटांचं आणि अगदी बुटकं. एकोणिसाव्या शतकात त्याला लागून नवं मोठं चर्च बांधलं, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला जुनं दिसतच नाही. आतली भित्तिचित्रं एका काळातली नाहीत, थरावर थर आहेत. दार बंद असेल तर किल्ली गावातच कुणाकडे तरी असते. चौकातल्या काफेनिओत, म्हणजे कॉफीच्या दुकानात, विचारावं.

याच गावात 1888 साली एक शिळा सापडली. बल्गेरियाचा सम्राट सामुइल याने आपले वडील, आई आणि भाऊ यांच्या स्मरणार्थ ती कोरवली होती. साल 992-993, लिपी सिरिलिक, म्हणजे बल्गेरियन आणि रशियन लिहितात ती. काळ नोंदलेल्या सर्वांत जुन्या सिरिलिक लेखांत तिची गणना होते. ती आज बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाच्या संग्रहालयात आहे, गावात नाही. बल्गेरियन, मॅसेडोनियन आणि ग्रीक असे तीन इतिहास या गावावर हक्क सांगतात, त्याचं मूळ असल्या वस्तूंत आहे.

आता लोकसंख्या. गावाचं आजचं नाव 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. त्याआधी गाव 'गेर्मान' होतं. त्याच सुमारास साऱ्या प्रदेशातली स्लाव्ह, म्हणजे बल्गेरियन-मॅसेडोनियनच्या कुळातल्या भाषेतली, नावं बदलली गेली. निवित्सीचं प्साराधेस झालं, रांबीचं लेमोस, विनेनीचं पिली, ग्राझ्देनोचं व्रोन्तेरो. जुन्या नोंदी चाळताना ही जोडी हाताशी नसेल तर गाव सापडतच नाही, आणि मग माणूस 'आधी इथे वस्ती नव्हती' असा भलताच निष्कर्ष काढून मोकळा होतो.

1912 पर्यंत हा मुलूख उस्मानी तुर्कांचा. त्यांची गणना धर्मावरून होई. जुन्या करनोंदीत तर माणसं नसतातच, घरं असतात. घरामागे पाच माणसं धरायचा रिवाज अभ्यासकांत आहे, पण मॅसेडोनियाच्या खेड्यांत तीन-तीन भाऊ एका छपराखाली राहत, तिथे हा गुणक कमी पडतो. 1870 मध्ये बल्गेरियन चर्च ग्रीक धर्मपीठापासून वेगळं झाल्यावर तर आकड्यांचं रणच माजलं. एकाच गावाची एकच माणसं ग्रीक बाजूच्या तक्त्यात 'ग्रीक' आणि बल्गेरियन बाजूच्या तक्त्यात 'बल्गेरियन', कारण मोजणारा पाहत होता ती कोणत्या धर्मपीठाला मानतात ते. घरात बोलत ती स्लाव्ह भाषा. 1903 चा उस्मानी सत्तेविरुद्धचा इलिंदेन उठाव, मग 1912-13 ची बाल्कन युद्धं, आणि 1913 च्या बुखारेस्टच्या तहाने गाव ग्रीसमध्ये आलं.

ग्रीक राज्याने 1928 च्या जनगणनेत मातृभाषा विचारली. देशभरात स्लाव्ह बोलणारे निघाले 81,984. हा आकडा खरा मानणारा अभ्यासक विरळाच. घरात जे बोलतो ते सरकारी माणसासमोर सांगणं परवडणारं नव्हतं. 1936 नंतर मेताक्सासच्या हुकूमशाहीत तर ही भाषा उघड्यावर बोलायलाही बंदी आली. 1951 मध्ये हाच आकडा 41,017 झाला. त्यानंतरच्या जनगणनांत भाषेचे आकडे प्रसिद्ध होणंच थांबलं.

ज्याला प्रेस्पाच्या कोणत्याही गावाचं काय झालं ते एका नजरेत पाहायचं असेल, त्याने जनगणनेचे 1940 आणि 1951 हे दोन खंड शेजारी ठेवावेत. 1940 ची गणना 16 ऑक्टोबरला झाली. इटलीने ग्रीसवर हल्ला केला तो 28 ऑक्टोबरला. म्हणजे युद्धाच्या बारा दिवस आधीचं गाव त्या पानावर जसंच्या तसं उभं आहे. पुढची गणना 7 एप्रिल 1951 ची. मधल्या साडेदहा वर्षांत जर्मन आणि इटालियन अंमल आणि 1946 ते 1949 चं सरकार आणि कम्युनिस्ट बंडखोर यांच्यातलं यादवी युद्ध, सगळं घडून गेलेलं. काही गावांच्या नावापुढे 1951 च्या खंडात काहीच उरत नाही.

दुपारी दफनभूमीत जावं, पण थडगी मोजून जुनी वस्ती ठरवू नये. ग्रीक खेड्यांत काही वर्षांनी अस्थी उकरून अस्थिगृहात ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. त्यामुळे दिसतात ती थडगी अलीकडची. आडनावंही फसवी असतात. स्लाव्ह आडनावांना सरकारी नोंदीत ग्रीक शेपट्या लागल्या, आणि वाचणाऱ्याला ती काळ्या समुद्राकडून आलेल्या निर्वासितांची वाटू शकतात. चौकातल्या स्मारकांवर यादवीतली नावं असली तर ती बहुधा सरकारी सैन्याच्या बाजूची. दुसऱ्या बाजूला लढून मेलेल्यांची नावं या दगडांवर नाहीत.

लोकांशी बोलताना भाषेपासून सुरुवात करू नये. 'तुम्ही मॅसेडोनियन का?' हा प्रश्न इथे गप्पा संपवतो. 'तुमचे आजोबा कुठले?' असं विचारलं की काम होतं. उत्तर दोन प्रकारचं येतं. जुनी कुटुंबं स्वतःला 'दोपी', म्हणजे इथलेच, म्हणवतात. दुसरे व्लाख : मूळचे मेंढपाळ, लॅटिनच्या कुळातली भाषा बोलणारे. हे 1950 च्या दशकात आले. यादवीनंतर हद्दीवरची गावं ओस पडली होती. 1953 मध्ये कायदा करून सरकारने तिथे 'भरवशाची' कुटुंबं वसवायला घेतलं. परांगदा झालेल्यांची जमीन त्यांना मिळाली. आगिओस गेर्मानोसमध्ये दोन्ही प्रकारची घरं आहेत. ज्या घराचा वारस ताश्कंद, स्कोपिए किंवा टोरोंटोला आहे आणि ज्याच्या मालकीचा कागद धड नाही, त्याचं छप्पर कोण दुरुस्त करणार? सकाळी गल्लीत पाहिलेली पडकी घरं ती हीच.

तिसरा दिवस : व्रोन्तेरो आणि ओस गावं

गाडी लागतेच. पाणी आणि जेवण बरोबर घ्यावं. पश्चिमेला निघून दोन तळ्यांमधली वाळूची पट्टी ओलांडायची. लांबी सुमारे चार किलोमीटर, एका टोकाला कूला नावाची जागा. इथे छोट्या तळ्याचं जास्तीचं पाणी मोठ्यात सोडणारं दार आहे. मोठ्या प्रेस्पाची पातळी काही दशकं घसरत चालली आहे, म्हणून दोन्हीतला फरक डोळ्यांनी कळतो. मोठ्या तळ्यातून उघडा प्रवाह बाहेर जात नाही. चुनखडीच्या डोंगरातून पाझरून पाणी पलीकडच्या ओह्रिद तळ्यात उतरतं.

या वाळूच्या पट्टीवरूनच ऑगस्ट 1949 मध्ये कम्युनिस्टांची लोकशाही सेना अल्बेनियात हटली. वीत्सीच्या डोंगरावर सरकारी सैन्याचा हल्ला 10 ऑगस्टला सुरू झाला, 16 पर्यंत सगळं आटोपलं. वाट एकच आणि वरून विमानं. सैनिकांच्या मागोमाग गावंही निघून गेली. त्याआधीच, 1948 च्या वसंतापासून, सुमारे 28,000 मुलं उत्तर ग्रीसमधून पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांत पाठवली गेली होती. मुलांना वाचवलं की पळवलं, यावर ग्रीसमध्ये आजही दोन तट आहेत. लोकसंख्येच्या दृष्टीने परिणाम एकच झाला : जी पिढी 1960 मध्ये गावात लग्नं करून संसार थाटणार होती, ती गावात नव्हतीच.

पुढे व्रोन्तेरो. गावाबाहेर डोंगरात कोक्कालिसची गुहा आहे. पेत्रोस कोक्कालिस हे अथेन्सचे नावाजलेले शल्यचिकित्सक आणि बंडखोरांच्या हंगामी सरकारचे आरोग्यमंत्री. या गुहेत त्या सैन्याचं रुग्णालय होतं. पायवाट आहे, पण दगड निसरडे आहेत. बूट चांगले असावेत, आणि बॅटरी न्यावी.

छोट्या प्रेस्पाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला दासेरी, पिक्सोस, स्फिका अशी ओस गावं आहेत. ती शोधण्याची युक्ती सोपी. घरांपेक्षा झाडं आधी दिसतात. रानात अचानक अक्रोड, आलुबुखार आणि नाशपाती एका ओळीत आली की तिथे परसू होता. मग पायाचे दगड, मग चर्च. चर्चची डागडुजी झालेली असते, कारण बाहेरगावी गेलेली कुटुंबं वर्षातून एकदा संताच्या दिवशी तिथे येतात. पडक्या भिंतींच्या आत शिरू नये. मातीच्या विटांची भिंत आतून भिजलेली असते आणि हाताच्या टेक्यानेही खाली येते. हद्द जवळ असल्याने गस्तीचे पोलीस थांबवून विचारतात, म्हणून पासपोर्ट खिशात हवा. शीतयुद्धात बराच काळ या पट्ट्यात परवान्याशिवाय यायलाही मनाई होती. वस्ती न वाढण्याचं तेही एक कारण.

परांगदा झालेले परत का आले नाहीत? डिसेंबर 1982 च्या सरकारी निर्णयाने यादवीतल्या निर्वासितांना परतायची मुभा मिळाली, पण फक्त 'वंशाने ग्रीक' असलेल्यांना. स्लाव्ह बोलणारे त्यातून वगळले गेले. 1985 मध्ये मालमत्ता परत देण्याच्या कायद्यातही हीच अट. त्यामुळे या गावांचं ओसाडपण ग्रीसच्या इतर डोंगरी खेड्यांसारखं नाही. तिकडे माणसं 1960 नंतर कामासाठी अथेन्सला आणि जर्मनीला गेली आणि ऑगस्टात परत येतात. इथे गेलेल्यांचा परतीचा रस्ताच बंद केला गेला.

चौथा दिवस : प्साराधेस

मोठ्या प्रेस्पावरचं हे ग्रीसचं एकमेव गाव. मच्छीमारांचं, आणि इथे जुनी स्थानिक कुटुंबं आगिओस गेर्मानोसपेक्षा जास्त टिकली. कारण साधं आहे : नवीन वसवलेल्यांना द्यायला शेतजमीनच फारशी नव्हती. काठावर बुटकी गावरान गुरं चरतात, वासरं वाटावीत एवढ्या उंचीची.

नाव सकाळी घ्यावी, दुपारी वारा सुटला की नाववाले निघत नाहीत. फेरी साधारण तासाभराची. भाडं चढण्यापूर्वी ठरवावं आणि थांबे किती, ते विचारून घ्यावं. नाही तर नुसतं लांबूनच दाखवतात. खडकावर थेट रंगवलेली मरियमची चित्रं, मग तपस्व्यांच्या कपारी, आणि शेवटी एलेउसाचं चर्च, एका उंच कपारीत कोंबून बसवलेलं. बांधकाम 1409-10 चं. पायऱ्या उभ्या चढाच्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी नावेतच बसलेलं बरं.

17 जून 2018 रोजी ग्रीस आणि शेजारच्या देशाने 'मॅसेडोनिया' या नावाचा तंटा मिटवणाऱ्या प्रेस्पा करारावर सह्या केल्या त्या इथेच, या गावाच्या काठावर. पुढच्या फेब्रुवारीत शेजाऱ्याचं नाव उत्तर मॅसेडोनिया झालं. जेवायला कार्प मासा किंवा वाळवलेली छोटी मासळी घ्यावी.

पाचवा दिवस : शेंगांची शेतं, बेट, आणि परतीचा रस्ता

लेमोस हे तालुक्यासारख्या प्रेस्पेस नगरपालिकेचं ठाणं. त्याच्या खालच्या सपाटीवर नजर पोचेल तिथवर घेवड्याचे मांडव. चार उंच वेळू जमिनीत रोवून वर एकत्र बांधतात, वेल त्यावर चढतो. पेरणी मे महिन्यात, दहिवराची भीती गेल्यावर. काढणी सप्टेंबरच्या शेवटापासून. 1960 च्या दशकात छोट्या प्रेस्पाचं पाणी शेतात आणणारी योजना झाली आणि मोठ्या पांढऱ्या दाण्याचं हे पीक उभं राहिलं. 1998 पासून त्याला युरोपीय भौगोलिक नामांकन आहे. प्रेस्पात आज जे राहतात ते मुख्यतः या दाण्यावर राहतात. कष्टाचं काम 1991 नंतर हंगामाला येणाऱ्या अल्बेनियन मजुरांवर आलं. ही माणसं शेतात रोज दिसतात, पण जनगणनेच्या आकड्यात त्यांचा पत्ता लागत नाही.

छोट्या तळ्यातल्या आगिओस आखिलिओस बेटावर तरंगत्या पुलावरून पायी जाता येतं, साडेसहाशे मीटर. वारा असेल तर पूल हलतो. बेटावर सामुइलने दहाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या बासिलिकेचे, म्हणजे मोठ्या लांबट चर्चचे, अवशेष आहेत, लारिसाहून आणलेल्या संत आखिलिओसच्या अस्थींसाठी उभारलेल्या. तळ्याकाठच्या वेतात डाल्मेशियन पेलिकनांची वसाहत, 2022 पर्यंत जगातली सर्वांत मोठी. 2022 मध्ये पक्ष्यांच्या तापाने ग्रीसमध्ये हे सतराशेहून जास्त पक्षी मेले, त्यातले बहुतेक इथले. वेत दाट झाला की पक्ष्यांना आणि माशांना उथळ ओली कुरणं उरत नाहीत, म्हणून म्हशी सोडून तो खाऊ घालतात.

परतताना क्रिस्टालोपिगीवरून कास्तोरियाकडे जावं. जुनं स्मर्देश उद्ध्वस्त झालं, शेजारी 1950 च्या दशकात व्लाख कुटुंबांसाठी नवं गाव वसलं. जुन्या गावाचे दगड अजून आहेत.

आकडे घरी नेणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ग्रीक जनगणनेत एका गावाला तीन संख्या असतात : त्या दिवशी हजर असलेले, कायम राहणारे, आणि नगरपालिकेच्या दप्तरात नाव असलेले. पहिली संख्या फुगते, कारण पूर्वी गणनेच्या दिवशी शहरातले गावकरी बस भरभरून गावी येत, गावाला निधी मिळावा म्हणून. दुसरी, वस्तीचा आकडा आणि कम्युनिटीचा आकडा वेगळा. कम्युनिटीत दोन-तीन वस्त्या असू शकतात. तिसरी, हद्दी बदलतात. 2011 च्या गणनेत प्रेस्पेस नगरपालिकेचे 1,560 रहिवासी आहेत, पण त्यात त्याच वर्षी जोडलेली क्रिस्टालोपिगी धरली आहे. 2001 चा आकडा तिच्याशिवायचा. दोन्ही थेट वजा केले तर घट खरीपेक्षा कमी दिसते. ग्रीसच्या सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे एलस्टाटच्या, डिजिटल ग्रंथालयात जुने खंड स्कॅन करून ठेवले आहेत आणि फुकट उतरवून घेता येतात. शोध ग्रीक लिपीतच करावा लागतो, आणि 1928 च्या आधीच्या खंडांसाठी गावाचं जुनं नाव टाकावं लागतं.